थोडंफार महाराजांचं लग्न

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीसुद्धा या. कीर्तनात मागे बसणाऱ्याचं निम्मं लक्ष चपलांकडे असतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. आज चपलांची काळजी देवावर सोडा, मी तुम्हाला एका लग्नाची गोष्ट सांगतो. तिच्यात कीर्तन आहे, पुढारी आहेत, पोलीस आहेत, एक ड्रोन आहे, आणि असा एक नवरदेव आहे की ज्याच्या लाजण्याकडे निम्मा जिल्हा डोळे लावून बसला होता. गोष्ट शंभर टक्के खरी. कारण त्या लग्नात वधूपिता मी होतो, आणि एवढी फजिती माणूस स्वतःहून रचून सांगत नाही.

मी वाल्मिक. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. म्हणजे खिडकीत बसून माइकवर "नगरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" असं म्हणणारा, तो मीच. हा आवाज जिल्ह्यातल्या प्रत्येक कानात गेलेला आहे. पण इतक्या वर्षांत एकाही माणसानं बाजारात मला थांबवून "अहो, तुम्हीच का ते?" असं विचारलं नाही. मी ते मनाला लावून घेतलं नाही. (घेतलं.) जया, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "माइकमधनं तुम्ही सगळ्यांशी बोलता. घरी येऊन बोलता तो आवाज माझा."

जया तिसगावची. मी तेव्हा साधा वाहक होतो आणि आमची मुक्कामी गाडी तिसगावला थांबायची. गाडी लावली, पिशवी सांभाळली, की मारुतीच्या देवळात सप्ताहाला जाऊन बसायचं. आपल्याकडे कीर्तनात पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, आणि मधे महाराजांना यायला वाट. मी त्या वाटेच्या अगदी कडेला बसायचो. बायांच्या बाजूला तिसऱ्या खांबाशी जया बसायची. आमचं लग्न ठरलं ते त्या वाटेच्या रुंदीवर. मग उभा संसार तसाच केला: कीर्तनाला बरोबर जायचं, वेगवेगळं बसायचं, आणि घरी येताना एकमेकांना विचारायचं, कुठला दृष्टांत आवडला.

ती गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून वाटेच्या कडेलाच बसतो. सवय.

जाण्याआधी तिनं एकच मागणं माझ्याकडे ठेवलं होतं. "दिशाचं लग्न आपल्या देवळात करा. चार माणसांत. आधी कीर्तन, मग अक्षता." एवढंच. यात अवघड काय होतं, तुम्हीच सांगा.

दिशा आमची एकुलती एक मुलगी, शाळेत विज्ञान शिकवते. तिचं जमलंही त्याच देवळात. त्या वर्षी सप्ताहाचे ठरलेले महाराज आजारी पडले, म्हणून भंडारदऱ्याकडचा एक तरणा पोरगा बदली म्हणून आला. अमृत त्याचं नाव. त्यात वीज गेली, माइक बंद पडला, निम्मी मंडळी उठून गेली. पोरगा घाबरला नाही. उरलेल्या आम्हा मूठभर माणसांसाठी बिनमाइकचा गायला. असा गायला की मला समोरचा खांब धूसर दिसायला लागला. कीर्तन संपल्यावर सगळे पाया पडत होते, तेव्हा दिशा पुढे होऊन म्हणाली, "महाराज, तुमचा मृगजळाचा दृष्टांत चुकला. तो डोळ्यांचा भ्रम नसतो. तापलेल्या हवेत प्रकाश खरोखर वाकतो. त्याचा फोटोसुद्धा काढता येतो."

दुसरा कुणी असता तर रागावला असता. हा म्हणाला, "मग हरणाची चूक न्हाई म्हनायची."

"मुळीच नाही."

पुढच्या कीर्तनात त्यानं दृष्टांत दुरुस्त केला. हरणाला निर्दोष सोडलं. आणि शंका विचारायला म्हणून तो श्रीरामपूरला येऊ लागला. विज्ञानात एवढ्या शंका असतात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

लग्न ठरलं. देऊळ ठरलं. चार माणसं म्हणजे आपल्या हिशेबानं दीडशे, तीही ठरली. आणि मग ते नेवाशाकडचं कीर्तन झालं.

झालं असं, की अमृत रंगात आला होता. विषय वैराग्याचा. एक हात कमरेवर, एक हात आभाळात, आणि त्यानं सभेला विचारलं, "माउली, मला सांगा, या संसारात आहे काय?" नेमक्या त्याच क्षणी शाळा सुटल्यावर धावतपळत आलेली दिशा, एका हातात चपला, खांद्यावर वह्यांची पिशवी, बायांच्या बाजूनं आत शिरली. अमृत थांबला. आभाळातला हात खाली आला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. आणि तोंडातून निघालं, "...आहे. थोडंफार आहे."

सभा जी हसली, ती पाच मिनिटं हसत होती. कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलंच होतं. आठवड्याभरात राज्यभर झालं. अमृत महाराज हे नाव पुसलं गेलं. उरले थोडंफार महाराज. चहाच्या टपरीवर लोक "साखर थोडंफार" म्हणायला लागले. रिक्षांच्या मागे ते रंगवलं गेलं. आणि मी, तीस वर्षं बिनचूक गाड्या सोडलेला माणूस, दूध आणायला गेलो की पोरं ओरडायची, "ते बघ, थोडंफारचे सासरे!"

शेजारचे गोरक्षनाथ म्हणाले, "वाल्मिकराव, आता देऊळबिऊळ विसरा."

गोरक्षनाथ हे आमचे शेजारी. त्यांना कामधंदा आहे, पण सल्ला हा त्यांचा खरा व्यवसाय. "आता हे तुमच्या मुलीचं लग्न राहिलं नाही, जनतेचं झालं. ड्रोन पाहिजे. चॅनेलची पोरं पाहिजेत. नवरदेवाच्या कॉलरला माइक पाहिजे, म्हणजे अंतरपाटामागं काय बोलतो ते थेट लोकांना ऐकू जाईल. अन् तुम्ही धोतर नेसा. पँटीत तुम्ही स्टँडवरच्यासारखे दिसता."

"मी स्टँडवरचाच आहे."

"तेच म्हणतोय."

त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून पुढाऱ्यांपासून चॅनेलवाल्यांपर्यंत सगळ्यांना आमंत्रण धाडलं होतं, हे मला नंतर कळलं. पत्रिकेवरही वाद झाला. जिल्ह्याचं नाव जुनं टाकायचं की नवं, यावर दोन्हीकडचे पाहुणे फोनवर तावातावानं बोलले. शेवटी मी "जि. नगर" छापलं. बोलताना सगळे नगरच म्हणतात, मग रागवायचं कुणी?

लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेलो, तर तिथल्या हवालदारांनी अर्ज बघून विचारलं, "अंदाजे उपस्थिती?"

"दीडशे."

"नवरदेव कोण?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, दीडशे तर आमच्या ठाण्यातनंच येतील. देवळाच्या गल्लीत चेंगराचेंगरी झाली म्हणजे? मोकळं मैदान बघा. आणि..." इथे त्यांचा आवाज मऊ झाला, "...महाराज लग्नात म्हणतील ना हो? थोडंफार?"

अशा रीतीनं जयाचं देऊळ सुटलं आणि तिसगावबाहेरचं शाळेचं मैदान आलं. मी देवळात जाऊन तिसऱ्या खांबाला हात लावून आलो. बायकोनं एक काम सांगितलं होतं.

अमृतचे वडील रंगनाथ हे डोंगरातले शेतकरी, मोजकं बोलणारे. मैदान बघायला आले आणि मांडवाच्या खुणा बघून डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. "व्याहीबुवा, आमच्याकडं लगीन मंजी भात, वरन, आन सांच्याला समदे आपापल्या घरी. ह्ये काय आक्रीत हाय? पोरगं लाजलं, त्याची जत्रा भरिवली व्हय तुमी?"

"मी नाही भरवली."

"मंग कोनी?"

आम्ही दोघांनीही गोरक्षनाथांकडे पाहिलं. ते फोनवर होते.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. खरा घोर लागला तो हळदीच्या आदल्या सकाळी. दिशा पोह्यांची ताटली घेऊन माझ्यासमोर बसली, पण खाईना.

"बाबा, परवा मी न सांगता त्यांच्या कीर्तनाला गेले होते. राहुरीकडे. मागे बसले, तोंडावर पदर घेऊन."

"मग?"

"ते त्याच जागी आले. संसारात आहे काय. थांबले. लाजले. थोडंफार म्हणाले. लोक हसले." तिनं ताटली बाजूला सारली. "बाबा, मी तर मागे होते. त्यांना माहीतच नव्हतं. ते खांबाकडे बघून लाजले."

मी म्हणालो, "अगं, लोकांचा आग्रह असतो. गावोगाव आयोजक म्हणतात, थोडंफार झाल्याशिवाय मानाचा नारळ-दक्षिणा देणार नाही."

"मला कळतं ते. पण गेले कित्येक महिने त्यांचं बोलणं मी एक तर कर्ण्यातून ऐकते, नाहीतर मोबाईलवर. भेटले की चार पोरं चित्रण करत असतात. त्यांना स्वतःलासुद्धा आता कळत नसेल, कुठलं खरं नि कुठलं सवयीचं. मला एकदा त्यांचा बिनमाइकचा शब्द हवाय. लग्न लागायच्या आधी." मग ती अगदी जयासारखं शांतपणे म्हणाली, "अंतरपाटामागेसुद्धा त्यांनी लोकांसाठी थोडंफार म्हटलं ना, तर मी हार तुमच्या हातात देईन आणि पहिली श्रीरामपूर गाडी धरीन. वेळापत्रक मला पाठ आहे."

माझीच मुलगी. वेळापत्रक तिला खरोखर पाठ आहे.

मी तडक कमरुद्दीनकडे गेलो. मंडप आणि लाउडस्पीकर त्याचे. जिल्ह्यातल्या किती सप्ताहांचा आवाज त्यानं वाहिला असेल, आणि तेवढ्याच ठिकाणी त्याचा कर्णा ऐन अभंगात शिट्टी मारून गेला असेल. तरी तो सांगतो, माझ्या यंत्राला सूर कळतो.

"भाई, नवरदेवाच्या कॉलरचा माइक, गुरुजींचा माइक, सगळं तुझ्याच यंत्रातून जाणार?"

"सगळं. बटन माझ्या अंगठ्याखाली."

"मी हात वर केला की सगळे आवाज बंद करायचे. जागच्या जागी."

कमरुद्दीन हसला. "बस, इतकंच? तुम्ही हात वर, आमी आवाज बंद. भाभी असत्या तर त्यांनी मला न सांगताच वायर उपटली असती."

योजना उत्तम होती. तिच्यात एकच खोट होती, ती म्हणजे मी कीर्तनाचा माणूस.

लग्नाच्या दिवशी मैदान भरलं, शाळेच्या भिंतीवर माणसं, लिंबावर माणसं. खुर्च्या मांडल्या होत्या. पण लोक थोडंफार महाराज बघायला आलेले. त्यांनी सवयीनं खुर्च्या बाजूला सारल्या आणि पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, मधे वाट सोडून मांडी घालून बसले. काहींनी टाळ आणले होते. नवरदेवाच्या पाया पडायला रांग लागली. मी पाय धुवायला तांब्या घेऊन गेलो, तर मागून एकजण म्हणाला, "आजोबा, रांगेत या." त्याच वेळी अमृतही मला नमस्कार करायला वाकला आणि आमची डोकी अशी आपटली की तो आवाज कॉलरच्या माइकमधून मैदानभर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पुढाऱ्यांचं भाषण सुरू झालं. मुहूर्त टळत आला होता. ते म्हणाले, "या भूमीत असा जावई..." आणि शेवटी त्यांनी गजर केला. आता मला सांगा, गजर झाल्यावर कुठल्या भाविकाचे हात खाली राहतात? सगळ्यांबरोबर माझेही दोन्ही हात वर गेले.

आवाज बंद.

पुढाऱ्यांचे ओठ हलत होते, बोट हलत होतं, मूठ आवळली जात होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं. लोक मन लावून बघत राहिले. लांबून कमरुद्दीन मला अंगठा दाखवत होता. मी "चालू कर, चालू कर" म्हणून हात वर करून जोरात हलवला. त्यानं पंखेही बंद केले.

पुढारी घामाघूम होऊन खाली बसले ते आजतागायत माझ्याशी बोललेले नाहीत.

आवाज परत आला, गुरुजींनी पिशवीतून अंतरपाट काढला. धरायला एका टोकाला गोरक्षनाथ स्वतःहून उभे राहिले. दुसऱ्या टोकाचे पाहुणे ड्रोनमागे पळालेल्या पोराला शोधायला गेलेले. "वाल्मिकराव, धरा," असं म्हणून कुणीतरी ते टोक माझ्या हातात दिलं. मी दोन्ही हातांनी धरलं. आणि मग माझ्या लक्षात आलं. हात वर कसा करणार?

मंगलाष्टकं सुरू झाली. एक कडवं झालं, अक्षता पडल्या. दुसऱ्याला मागून कुणीतरी ओरडलं, "थोडंफार!" मग दुसरा. मग सगळं मैदान, "थोडंफार! थोडंफार!" गुरुजी थांबले. चॅनेलचा पोरगा गुडघ्यावर बसून कुजबुजला, "महाराज, आत्ता म्हणा. लाइव्ह आहे." गोरक्षनाथ मला म्हणाले, "तुमचं टोक जरा खाली घ्या हो, लोकांना लाजणं दिसू द्या."

मी टोकाला उभा, त्यामुळे मला एकट्याला दोघंही दिसत होती. या बाजूला अमृत, घामेजलेला, पडद्याकडे बघणारा. त्यानं श्वास घेतला आणि थांबला. तो थांबा मी ओळखतो; प्रत्येक चित्रणात तो तसाच असतो. त्या बाजूला दिशा. तिनं हार घट्ट धरला होता आणि तिचे डोळे मैदानापलीकडच्या रस्त्याकडे गेले होते. तिकडून लाल गाडी येत होती. श्रीरामपूरची. वेळेवर. माझ्या उभ्या नोकरीत ती गाडी कधी वेळेवर आली नव्हती.

मी काय केलं ते मलाही नंतर चित्रण बघून कळलं. अंतरपाट धरलेले दोन्ही हात मी डोक्याच्या वर, होतील तेवढे वर उचलले. माझ्या टोकाबरोबर कापड ताणलं, म्हणून गोरक्षनाथांनाही टाचांवर उभं राहून ते उचलावं लागलं. वर घिरट्या घालणारा ड्रोनसुद्धा कापडाला धडकून भरकटला. आणि लांब मांडवाच्या कोपऱ्यात कमरुद्दीनचा अंगठा खाली गेला.

आवाज बंद.

मैदानात गलका झाला. "माइक! माइक!" पुढची माणसं उठू लागली, मागची ढकलू लागली. आता पडदा हातून सुटतो की काय असं झालं. तेव्हा माझ्या पोटातून, कुणी न सांगता, जुना आवाज निघाला. बिनमाइकचा.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! गाडी फलाटावर लागलेली आहे! कोणीही धक्काबुक्की करू नये! आपापल्या जागेवर बसून घ्यावे! गाडी सुटण्यास थोडा अवकाश आहे!"

मैदान खाली बसलं. अक्षरशः बसलं. ज्यांच्या हाडात तो आवाज मुरलेला आहे, ती माणसं आणखी काय करणार? मी थांबलो नाही. नगर, नेवासा, राहुरी, पाथर्डी, आठवतील तितक्या गाड्या मी सोडल्या. कारण माझ्या कानापासून वीतभर अंतरावर अमृत काहीतरी बोलत होता. एकदा मला वाटलं, गप्प बसावं नि ऐकावं. बाप आहे मी. पण ते माझ्यासाठी नव्हतं. मी आणखी मोठ्यानं शिर्डी गाडी सोडली.

एवढं मात्र दिसलं. सवयीचं लाजणं गालावर येतं. खरं आधी कानांच्या पाळ्यांना लागतं. त्या लाल होत गेल्या, आणि पलीकडे दिशानं मान खाली घातली. लाल गाडी मैदानाशेजारून निघून गेली.

मी पडदा सोडला. लोकांनी अक्षता कधी टाकायच्या ते न कळून निम्म्या माझ्यावर टाकल्या. आणि त्या गोंधळात मागून एक म्हातारी ओरडली, "आगं बया, ह्यो तर स्टँडावरला आवाज!" सांगायला संकोच वाटतो, पण मी तिच्याकडे वळून नमस्कार केला.

दिशाला मी एवढंच विचारलं, "काय म्हणाले?"

ती म्हणाली, "बाबा, ते माइकवरचं नव्हतं."

ऊन उतरल्यावर, भंडारदऱ्याच्या वाटेला लागण्याआधी, मी त्यांना देवळात नेलं. चॅनेलची पोरं पुढाऱ्यांची समजूत काढत होती आणि गोरक्षनाथ ड्रोन कुणाच्या छपरावर पडला ते शोधत होते. सभामंडपात आम्ही बसलो: रंगनाथ, दाराशी कमरुद्दीन, वाटेच्या कडेला मी, आणि पलीकडे, मी काही न सांगता, तिसऱ्या खांबाशी जाऊन दिशा. मोजलं तर बरोबर चार माणसं. अमृत वाटेतून चालत आला, टाळ घेतले, आणि गायला. रंगनाथ डोळे मिटून म्हणाले, "असं लगीन म्हनत हुतो मी."

तो वैराग्यावर आला. "या संसारात आहे काय," म्हणाला आणि थांबला. त्यानं दिशाकडे पाहिलं, आणि पुढचा शब्द त्याला सुचलाच नाही. मीही सवयीनं त्या खांबाकडे बघितलं, आणि तिथे माझी मुलगी बसलेली होती, आईसारखी, गुडघ्यावर हनुवटी टेकून. आणि घरी जाताना कुठला दृष्टांत आवडला, ते विचारायला माझ्याबरोबर कुणी नव्हतं.

तर झालं. उठायच्या आधी माझं एक मागणं आहे. कधी तिसगावला गेलात, तर मारुतीच्या देवळात घटकाभर बसा. बायांच्या बाजूचा तिसरा खांब बघा आणि माझ्या जयाची आठवण काढा. नाव मोठ्यानं घ्यायची गरज नाही. तिला बिनमाइकचं नीट ऐकू यायचं.